सावलीचं घड्याळ

माणगावच्या तहसील कचेरीत एक पुतळा आहे. लहानपणी वडील सातबारा काढायला जायचे, तेव्हा आत रांग असायची आणि मला बाहेर थांबायला सांगायचे. मी त्या पुतळ्याजवळ उभी राहायचे. नाव वाचता येत होतं. यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक ते. हा कोण, असं एकदा विचारलं, तर वडील म्हणाले, ‘‘आपल्या पळसगावचा पोरगा. इटलीत लढाईत गेला.’’ इटलीत आपला पोरगा कशाला गेला होता, हे विचारायचं मला सुचलं नाही. शिक्का बसला की एसटी पकडून आम्ही घरी.

जुलै २०२३ मध्ये बातमी वाचली. इटलीतल्या उंब्रिया प्रांतात मोंतोने नावाच्या डोंगरावरच्या गावाने यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं होतं. वडील तोवर गेले होते. बातमी आईला फोनवर वाचून दाखवली. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘तुझा भाचा तिकडेच आहे ना? जाऊन बघून ये एकदा.’’ आई स्वतःहून कधी कुणाला कुठे जा म्हणत नाही.

बहिणीचा मुलगा बोलोन्यात शिकतो. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दोघं भाड्याची गाडी घेऊन निघालो. अपेनाइन पर्वताचे बोगदे संपले की रस्ता तिबेर नदीच्या खोऱ्यात उतरतो. रोमला जाणारी ती तिबेर हीच, पण इथे ती आमच्या काळ नदीएवढी, काठी झाडी असलेली, घाईत नसलेली नदी आहे. दोन्ही अंगांना तंबाखूची रिकामी झालेली शेतं, वाळून काळी पडलेली सूर्यफुलं आणि उतारावर द्राक्षाचे मळे, पानं पिवळी-तांबडी झालेली. भाचा म्हणाला, ‘‘मावशी, सगळं जग टस्कनीला जातं. इकडे कुणी वळत नाही.’’ खरं आहे. या वरच्या खोऱ्याच्या वाइनला १९८० पासून सरकारमान्य नाव आहे, कोल्ली आल्तोतिबेरिनी, पण दुकानांच्या फळीवर ते क्वचित दिसतं. इथली वाइन बहुतेक इथेच संपते.

मोंतोने समुद्रसपाटीपासून पावणेपाचशे मीटरवर, टेकडीच्या माथ्यावर बसलेलं आहे. दीड-एक हजार वस्ती. गाडी तटाबाहेर लावावी लागते. वेशीतून आत गेलं की दगडी पायऱ्या, दोन माणसं जेमतेम बाजूबाजूने जातील अशा गल्ल्या, आणि प्रत्येक गल्लीच्या टोकाला एकदम उघडणारं आभाळ. मी गड खूप चढले आहे, रायगड तर घरचाच. पण आपल्या गडांवर आता वारा राहतो आणि आपण जोत्यांवरून कल्पना करतो. इथे तटाच्या आत अजून कपडे वाळत होते, कुणी मुलाला हाका मारत होतं, लसणाची फोडणी बसत होती. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या भिंतींत माणसं दिवे लावून जेवायला बसली होती. मी त्या गल्लीत नुसती उभी राहिले. जिवंत राहिलेला गड कसा दिसला असता, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

उतरलो होतो ते घर गावाखालच्या उतारावर, एका शेतकरी बाईंचं. सत्तरीच्या असाव्यात. जुनं दगडी घर. पूर्वी खाली गुरं आणि वर चूल असायची. अशा घरांतून अर्धेलीने राबणारी कुटुंबं राहायची. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं-निम्मं. विसावं शतक अर्ध्याहून अधिक सरेपर्यंत हे चालू होतं. कोकणात खोतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ते घर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रात्री त्यांनी जाड लोखंडी तव्यावर बिनखमिराची जाड भाकर भाजली. या तव्याला ते ‘तेस्तो’ म्हणतात. पूर्वी तो दगडाचा असे, चुलीच्या निखाऱ्यांवर ठेवलेला. भाकर मधोमध चिरून त्यात पालेभाजी घालून त्यांनी आमच्या हातात दिली. पीठ गव्हाचं, चव वेगळी, पण पालथ्या हाताने तव्याचा ताव बघायची त्यांची ढब थेट माझ्या आजीची होती. भाकरी हातात आल्यावर माझ्या मनात पहिली आली ती १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात, या खोऱ्यात लढलेली मराठा पलटण. घरापासून तीन वर्षं लांब असलेल्या एखाद्या सावंताला, जाधवाला, मोऱ्याला या खोऱ्यातल्या एखाद्या घरातून हा वास आला असेल, तेव्हा त्याचं काय झालं असेल?

जेवण झाल्यावर बाई आम्हाला माडीवर घेऊन गेल्या. दार उघडल्याबरोबर धुराचा वास आला. तुळयांना दोरीने द्राक्षांचे घोस टांगलेले होते, जोडी-जोडीने, शेकड्यांनी. पिवळे, मऊ, सुरकुतायला लागलेले. खाली एका कोपऱ्यात शेगडी. भाचा भाषांतर करत होता आणि बाई त्याच्याकडे न बघता माझ्याशीच बोलत होत्या. या खोऱ्यात तंबाखू लाकडाच्या धुरावर वाळवतात. घरोघर, ज्या खोलीत चूल पेटायची, तंबाखूची पानं वाळायची, तिथेच वर द्राक्षंही टांगायचे. द्राक्षं वाळता वाळता धूर पीत. थंडी सरत आली की ती पिळायची, रस लहानशा लाकडी पिंपात भरायचा आणि पिंपाच्या तळाशी राहिलेला जुना साका, ज्याला त्या ‘मादरे’, म्हणजे आई, म्हणत होत्या, त्यावरच तो वर्षानुवर्षं मुरू द्यायचा. विरजणाला विरजण लागतं तसं. मुलीचं लग्न झालं की या ‘आई’तला थोडा वाटा ती सासरी नेते, असं बाई म्हणाल्या. त्यांच्या पिंपातली ‘आई’ त्यांच्या सासूच्या सासूकडून आली होती.

ही धुराची विन सान्तो, म्हणजे वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाइन. अंगठ्याएवढ्या पेल्यात त्यांनी ओतली. रंग काकवीचा. पहिला घोट गोड, मनुकांचा, मग मागून धूर आला आणि तो बराच वेळ घशात राहिला. माझ्या माहेरी चुलीच्या वर पुढच्या पेरणीची कणसं आणि भोपळ्याच्या बिया टांगलेल्या असायच्या. त्यांना हाच वास होता. वाइनची पारख मला नाही, पण हा घोट मला अनोळखी नव्हता.

खिडकीतून अंगणाच्या कडेला एक मेपलचं झाड दिसत होतं आणि त्यावर चढलेली जुनाट द्राक्षाची वेल. या भागात पूर्वी द्राक्षाला खांब-तारा नसत, वेल झाडावर सोडत. त्याला ते ‘विते मारिताता’ म्हणतात, लग्न लावून दिलेली वेल. रोमनांच्याही आधी इथे राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांपासूनची ही पद्धत. अर्धेली मोडली, ट्रॅक्टर आले आणि झाडांच्या ओळी मध्ये येऊ लागल्या, तशा या वेलीही गेल्या. बाईंनी ही एक ठेवली होती. पोफळीवर चढलेली मिरवेल मी जन्मापासून बघत आले. त्या पोरांनीही, कोकणातून आलेल्या, ती झाडावरची वेल बघितली असेल, तर तिच्याकडे बघून त्यांना लांब आल्यासारखं वाटलं असेल की जवळ, हे मला रात्रभर ठरवता आलं नाही.

सकाळी उठले तर खोरं नव्हतं. धुक्याने काठोकाठ भरलेलं. वर फक्त टेकड्यांचे माथे, बेटांसारखे. आम्ही चढून गावात गेलो. तटाच्या कडेला एका बाकावर बसलो आणि धुकं निवळायची वाट बघत भाच्याला मी घाडग्यांची हकिकत सांगितली. त्याला ठाऊक नव्हती. मलाही वयाच्या चाळिशीनंतर कळली.

जून १९४४ च्या सुरुवातीला रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती पडलं. जर्मन सैन्य हटत हटत उत्तरेला जात होतं, पण पळत नव्हतं. दर टेकडीवर, दर गावात मशीनगन लावून चार दिवस लढायचं, मग मागची टेकडी धरायची. या वरच्या खोऱ्यात त्यांच्या मागावर होती दहावी भारतीय डिव्हिजन. गढवाली, पंजाबी, गुरखे आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. जुलैच्या पहिल्या आठवड्यात खालचं उंबेर्तिदे आणि हे मोंतोने ताब्यात आलं. पुढचं चित्ता दि कास्तेल्लो यायला २२ जुलै उजाडली. नकाशावर हे अंतर बोटाच्या एका पेराएवढं आहे. तेवढ्याला दोन आठवडे लागले, कारण नदीच्या दोन्ही बाजूंची एकेक धार माणसांना चढून घ्यावी लागली.

१० जुलैला अशाच एका ठाण्यावर हल्ला चालू असताना नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतला प्रत्येक जण पडला. कुणी मेला, कुणी जखमी. उभे राहिले एकटे घाडगे. ते थांबले नाहीत. मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, ती गन आणि ती चालवणारा गारद केला. टॉमीगनने आणखी एकाला मारलं. गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. ठाणं घेतलं. आणि तिथेच, घेतलेल्या ठाण्यात, लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या. वय २२.

त्यांचं शव मिळालं नाही. रोमच्याही खाली, कासिनोच्या स्मारकावर, ज्यांना थडगं नाही अशा हजारोंच्या यादीत त्यांचं नाव आहे. इटलीत पन्नास हजारांवर भारतीय लढले, पाच हजार सातशेंहून जास्त मेले. या मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीय सैन्यातल्या जवानांना आणि त्या सहांत दोन मराठा पलटणीचे. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. घाडग्यांचं पदक त्यांच्या तरुण विधवेच्या हातात दिलं गेलं.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, ‘‘पण मावशी, तेव्हा आपण इंग्रजांविरुद्ध लढत होतो ना?’’

हा प्रश्न मीही स्वतःला विचारलेला आहे. त्याच जुलै महिन्यात नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. माणगावहून पोलादपूरला जाऊन घाट चढलं की सातारा. एका घाटाच्या खाली पोरं इंग्रजांच्या पलटणीत भरती होत होती आणि वर त्याच वयाची पोरं इंग्रजांचे खजिने लुटत होती. मला यातलं एक खरं आणि एक खोटं म्हणता येत नाही. कोकणातल्या घरांत शेती वीतभर आणि खाणारी तोंडं दहा. पलटण म्हणजे दर महिन्याची मनीऑर्डर. आणि एकदा गेल्यावर शेजारच्याला सोडून मागे यायचं नाही, हे कुठल्या राजासाठी नसतं. त्या दिवशी त्या उतारावर त्यांचे सगळे सोबती पडलेले होते. ते कुणासाठी धावले, याचं माझ्यापुरतं उत्तर तेवढंच आहे.

आणि सुटका करणारेही निर्मळ हातांनी आले नव्हते. खाली उंबेर्तिदेत २५ एप्रिल १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तिबेरवरचा पूल पाडायला बॉम्ब टाकले. ते वस्तीवर पडले. सत्तर माणसं गेली. ती याच खोऱ्यातली, याच भाकरी खाणारी.

धुकं अजून होतं. आम्ही गावात फिरून आलो. मोंतोनेचं नाव इतिहासात आहे ते ब्राच्चो फोर्तेब्राच्चोमुळे. १३६८ चा जन्म. इटलीतल्या नामांकित भाडोत्री सेनापतींपैकी एक, जो पैसे देईल त्याच्यासाठी फौज घेऊन लढणारा. १४१६ मध्ये तो जवळच्या पेरुजा शहराचाच धनी झाला, १४२४ मध्ये लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन मेला. त्याचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत होता. तिथून त्याने १४७३ साली येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानला जाणारा एक काटा गावाला आणून दिला. त्याचा उत्सव अजून होतो, तीन आळ्या चुरशीने सोंगं आणतात. फोर्तेब्राच्चोंचा किल्ला मात्र पोपने पाडून टाकला. सान फ्रान्चेस्कोच्या जुन्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. तिथे बार्तोलोमेओ काप्पोरालीने १४८२ साली रंगवलेलं एक निशाण आहे. मेरी आपल्या वस्त्राखाली माणसांना घेऊन उभी. आपण त्याला पदराखाली घेणं म्हणतो. त्या निशाणापुढे मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले.

बाहेर आल्यावर मनात एक गोष्ट पक्की झाली. या गावाला लढवय्ये नवीन नाहीत. दुसऱ्याच्या पैशासाठी, दुसऱ्याच्या झेंड्याखाली लढणारी माणसं या दगडांनी सहाशे वर्षं पाहिली आहेत. पण नाव उरलं ते सेनापतींचं. ब्राच्चोबरोबर जे गेले, लाक्विलाच्या मैदानात पडले, त्यांतल्या एकाचंही नाव या भिंतींवर मी वाचलं नाही. आणि त्याच गावाने आता एका नाइकाचं नाव दगडावर घातलं आहे. नाईक म्हणजे दहा-एक माणसांचा म्होरक्या. ना जमीनदार, ना सरदार. पळसगावचा पोरगा. ज्यांच्यासाठी तो लढला असं म्हणतात त्या साम्राज्याने त्याला पदक दिलं. पण या गावाने त्याला आपल्यात जागा दिली, आणि ती ऐंशी वर्षांनी आठवण ठेवून. मला याचं फार अप्रूप वाटतं आणि थोडी लाजही वाटते. पुतळ्याच्या सावलीत उभी राहून मी मोठी झाले, पण तो कुठल्या डोंगरावर पडला हे इथल्या लोकांनी लक्षात ठेवलं.

दहा वाजून गेल्यावर धुकं फाटायला लागलं. आधी खालचा रस्ता दिसला, मग नदीची ओळ, मग समोरच्या उतारावरचे मळे, ओले, लाल. आम्ही स्मारकापाशी आलो तेव्हा ऊन नुकतंच पोचलं होतं. सूर्यघड्याळ, नाव, आणि लॅटिनमधलं एक वाक्य, ज्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. मी माहेरच्या अंगणातली अबोलीची सुकी वेणी आणली होती, कागदात गुंडाळून. ती खाली ठेवली. भाच्याने चपला काढल्या. मी त्याला सांगितलं नव्हतं.

माझ्या हातावर अकरा वाजत आले होते, सावली दहाच्या आसपास. ‘‘चुकतंय का?’’ भाच्याने विचारलं. चुकत नव्हतं. उन्हाळ्यासाठी माणसांनी काटे तासभर पुढे सरकवले होते, सूर्याने नाही.

तिथूनच आईला फोन लावला. तिकडे दुपारचे अडीच. मागे विळ्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. भातकापणी चालू होती.

‘‘पोचलीस?’’

‘‘हो. समोरच उभी आहे.’’

‘‘ऊन आहे का तिकडे?’’

‘‘आत्ताच पडलं.’’

‘‘इकडे मरणाचं आहे. पेंढा करपतोय.’’ मग थोडं थांबून तिने विचारलं, ‘‘नाव नीट लिहिलंय ना गं त्याचं?’’

मी खाली वाकले आणि एकेक अक्षर तिला वाचून दाखवायला लागले.